मंत्रपुष्पांजलि हें राष्ट्रगीत काय? राजनामाच्या जागेविषयीं कांहीं टिपणें

भाद्रपदांत शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांतील कोणत्याहि गांवीं गेलें असतां आरत्या संपल्यावर मंत्रपुष्पांजलि कानीं पडतेच. स्वर गेलेले, जोडाक्षरें झिजलेलीं, पण शब्द तोंडपाठ आणि आवाज टिपेचा. ह्या पुष्पांजलीसंबंधानें एक मत व्याख्यानांतून रूढ होत चाललें आहे. तें असें कीं, हें भारतवर्षाचें आद्य राष्ट्रगीत होय. हें मत मांडणारांत एकवाक्यता मात्र नाहीं. तींतील 'वैराज्य' शब्दावर बोट ठेवून कोणी म्हणतात कीं, वैदिक लोकांस राजाविरहित राज्य ठाऊक होतें व ही पुष्पांजलि म्हणजे गणराज्याचें स्तोत्र होय. दुसरे तींतलाच 'एकराट्' शब्द दाखवून सांगतात कीं, एकछत्री राजावांचून राष्ट्राची कल्पनाच आमच्या पूर्वजांस मान्य नव्हती. एकाच गीतांतून दोन्ही पक्ष सिद्ध होऊं लागले म्हणजे तें गीत मुळांतून तपासणें प्राप्त होतें.

पुष्पांजलि ही एकसंध रचना नव्हे. तिचे चार तुकडे आहेत व ते तीन ठिकाणांहून आणलेले आहेत. पहिली ऋचा ऋग्वेदांतील. ती पहिल्या मंडलांतहि आहे व पुरुषसूक्ताच्या शेवटींहि आहे. दुसरा तुकडा तैत्तिरीय आरण्यकांतला. त्यांत 'राजाधिराज' हें पद येतें, आणि ऐकणारास वाटतें कीं, येथें कोणी चक्रवर्ती राजा उद्दिष्ट आहे. परंतु नमस्कार आहे तो वैश्रवणाला, म्हणजे कुबेराला. तिसरा तुकडा गद्य असून तो व चौथा श्लोक हे दोन्ही ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेंतून घेतले आहेत. वादाचें मूळ ह्या शेवटच्या दोन तुकड्यांत आहे, म्हणून त्यांचाच विचार विस्तारानें करूं.

ऐतरेयाची आठवी पंचिका राज्याभिषेकाविषयीं आहे. देवांनीं इंद्राला अभिषेक कसा केला तें प्रथम सांगून, त्याच रीतीनें क्षत्रियाला अभिषेक कसा करावा हें पुढें सांगितलें आहे. ह्यालाच ऐंद्र महाभिषेक म्हणतात. पुष्पांजलींत साम्राज्य, भौज्य, स्वाराज्य, वैराज्य इत्यादि नांवांची जी मालिका आपण म्हणतों, ती अभिषिक्त होणाऱ्या क्षत्रियाला काय काय मिळावें ह्याची यादी आहे. ती कोणा प्रजासत्ताकाची घटना नव्हे.

तथापि वैराज्यपक्षाचें म्हणणें अगदींच निराधार आहे असें नाहीं, व तें येथें नीट मांडणें न्याय्य होईल. त्याच प्रकरणांत इंद्राचा अभिषेक दिशांच्या क्रमानें वर्णिला आहे. पूर्वेकडील राजांना साम्राज्यासाठीं अभिषेक होतो, दक्षिणेस सत्वतांच्या राजांना भौज्यासाठीं, पश्चिमेस नीच्य व अपाच्य ह्यांच्या राजांना स्वाराज्यासाठीं. उत्तरेविषयीं मात्र शब्द बदलतो. तेथें 'राजे' न म्हणतां हिमालयापलीकडील उत्तरकुरु व उत्तरमद्र हे 'जनपद' वैराज्यासाठीं अभिषिक्त होतात असें म्हटलें आहे. काशीप्रसाद जायसवाल ह्यांनीं १९२४ सालच्या आपल्या हिंदु राज्यपद्धतीवरील ग्रंथांत ह्याच शब्दावर सर्व भार टाकला: जेथें अभिषेक जनपदाचा आहे तेथें राजा नाहीं, व 'विराज्' म्हणजे विगतराजक. कल्पना तरतरीत आहे. परंतु त्याच वाक्यांत अभिषिक्तांस 'विराट्' म्हणतात असें सांगितलें आहे, आणि 'वि' उपसर्गाचा 'विशेषेंकरून' हा अर्थ वेदांत अधिक परिचयाचा आहे. शिवाय उत्तरकुरु हा देश ऐतरेयकर्त्यालाहि मर्त्यांनीं न जिंकतां येणारें देवक्षेत्र वाटे. तेथल्या राज्यव्यवस्थेची माहिती त्याच्याकडे कितपत होती हें ज्याचें त्यानें ठरवावें. कौटिल्यानें वैराज्य शब्द वापरला आहे तो तर निराळ्याच अर्थानें. जिवंत धन्यापासून हिसकावलेलें व 'हें माझें नव्हे' म्हणून पिळून काढलेलें राज्य, असा तेथें आशय आहे. तेव्हां एका शब्दावर गणराज्य उभारणें धोक्याचें. (पश्चिमेचें स्वाराज्य आपल्या कोंकणाला लावण्याचा मोह आम्हांलाहि होतो, पण नीच्य-अपाच्य म्हणजे उत्तर कोंकण म्हणण्यास आधार नाहीं, सबब तो मोह येथेंच सोडतों.)

एकराट्पक्षाची गोष्ट याहून गमतीची आहे. पुष्पांजलींतील गद्य 'एकराळिति' ह्या पदावर थांबतें. म्हणणारे तेथें श्वास घेतात व पुढल्या श्लोकाला लागतात. परंतु मूळांत वाक्य तेथें संपत नाहीं. 'इति' हा शब्दच सांगतो कीं, हें कोणाचें तरी इच्छित आहे व क्रियापद पुढें आहे. संपूर्ण वाक्याचा भावार्थ असा: 'ह्या क्षत्रियानें सर्व विजय मिळवावे, समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकटा राजा व्हावें, असें ज्या जाणत्या पुरोहिताला वाटेल, त्यानें त्या क्षत्रियाकडून आधीं शपथ घेववून मग ह्या महाभिषेकानें त्याला अभिषेक करावा.' शपथ पुढें दिलीच आहे. राजा पुरोहिताला म्हणतो कीं, ज्या रात्रीं मी जन्मलों व ज्या रात्रीं मी मरेन, त्या दोहोंमधील माझें इष्टापूर्त, माझें पुण्य, आयुष्य आणि संतति हीं सर्व तूं हिरावून घे, जर मी तुझा द्रोह करीन.

म्हणजे पुष्पांजलि करणारानें, तो कोण होता कोणास ठाऊक, वाक्याचा पूर्वार्ध ठेवला आणि शपथ गाळली. देवापुढें फुलें वाहावयाचीं असल्यानें त्याला शपथेचें कारण नव्हतें. त्याला दोष देतां येत नाहीं. पण ज्यांना ह्यांतून राजसत्तेची निरपवाद महती काढावयाची आहे त्यांनीं हें अर्धें वाक्य पुरें करून वाचावें. एकराट् हा शब्द शपथेला बांधलेला आहे. दुसऱ्या बाजूनें, त्या शपथेंतून लोकसत्ता काढणारांनीं हेंहि पाहावें कीं, द्रोह न करण्याचें वचन पुरोहिताला आहे, प्रजेला नाहीं.

आतां चौथा श्लोक. मरुत् हे ज्याच्या घरीं वाढपी झाले व विश्वेदेव ज्याचे सभासद झाले असा जो अविक्षिताचा पुत्र मरुत्त, त्याची ही स्तुति आहे. (सभासद हा शब्द ऐकतांच बखरकार कृष्णाजी अनंत आठवतो, शब्द किती दुरून येतात!) ऐतरेयांत ऐंद्र महाभिषेकानें कोणकोणते राजे पृथ्वी जिंकून अश्वमेध करते झाले त्यांची एक यादी आहे. जनमेजय, सुदास, दौष्यन्ति भरत इत्यादींबरोबर तींत मरुत्त येतो. संवर्त आंगिरसानें त्याला अभिषेक केला असें सांगून, ह्याविषयीं एक गाइलेला श्लोकहि आहे, म्हणून हा श्लोक दिला आहे. शतपथ ब्राह्मणांतहि तो थोड्या पाठभेदानें सांपडतो. आज आमच्या गांवोगांवच्या आरत्यांत जें म्हटलें जातें तें शेवटीं एका विवक्षित राजाचें नांव घेऊन संपतें. आणि म्हणणाऱ्या शंभरांत एकालाहि त्या राजाची वार्ता नसते. मरुत्ताचें नांव 'मारुति' समजून म्हणणारेहि आम्हीं ऐकले आहेत.

येथून मुख्य मुद्द्याकडे वळतों. राष्ट्रगीत हा शब्द अर्वाचीन आहे, पण राज्याच्या वतीनें जाहीरपणें म्हणावयाचें वाक्य ही गोष्ट फार जुनी आहे, व अशा प्रत्येक वाक्यांत एक नांवाची जागा असते. राजसूयांत राजाला लोकांपुढें उभें करून 'हा तुमचा राजा' असें घोषित करतात. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन संहितेंत लोकांच्या नांवाच्या जागीं नुसतें 'अमी' हें सर्वनाम आहे. भिक्षुकाच्या संकल्पांत 'अमुकगोत्र अमुकशर्मा' असतें तसें. काण्व शाखेनें त्या जागीं कुरु-पंचाल घातले. तैत्तिरीयांनीं भरत घातले. मैत्रायणी व काठक ह्या संहितांत कोणत्याच कुळाचें नांव नाहीं. तेथें संबोधन आहे तें 'जनता' ह्या शब्दाला. आपस्तंबानें तर सूत्रच केलें कीं, कौरव राजा असेल तर कुरु म्हणावें, पांचाल असेल तर पंचाल, आणि इतर कोणी राजे असतील तर जनता म्हणावें. एकाच घोषणेचे हे शाखानुसार झालेले पाठभेद म्हणजे कोणत्या शाखेच्या यजमानांचें राज्य कोठें होतें ह्याचा पुरावा होय. आणि ह्या सर्वांत घोषणा करणारा पुरोहित पुढें पुस्ती जोडतो कीं, आम्हां ब्राह्मणांचा राजा मात्र सोम. राजगीत म्हणणारानेंच स्वतःला त्यांतून वगळण्याचें इतकें जुनें उदाहरण आम्हांस दुसरें माहीत नाहीं.

नाटकांच्या पोथ्या जमविणारांस ह्याच जातीचा दुसरा पुरावा परिचित आहे. संस्कृत नाटकाचें भरतवाक्य हें एक परीनें राजगीतच. शाकुंतलाच्या शेवटीं राजाचें नांव नाहीं; राजानें प्रजेच्या हितासाठीं झटावें एवढीच इच्छा आहे. मुद्राराक्षसांत मात्र नांव आहे, आणि तें पोथीगणिक बदलतें. काशीनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांनीं १८८४ सालीं मुंबईस हें नाटक संपादिलें तेव्हांपासून हा वाद चालू आहे. कांहीं पोथ्यांत चंद्रगुप्त, कांहींत अवंतिवर्मा, दंतिवर्मा किंवा रंतिवर्मा. तेलंगांनीं अवंतिवर्मा हा मौखरि राजा धरला. याकोबीनें काश्मीरचा धरला. आमचें लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. स्रग्धरेच्या चरणान्तीं चारहि नांवें गुरु-लघु-गुरु-गुरु ह्या मापानें बरोबर बसतात. अवंतीचा 'अ' अवग्रहांत गेला कीं 'वंति', 'दंति', 'रंति' ह्यांत एका अक्षराचाच फरक राहतो, आणि 'र' व 'व' ह्यांचा घोटाळा पोथी वाचणारास नवा नाहीं. तेवढा फरक लेखनिकाच्या हातून होऊं शकतो. पण 'चंद्रगुप्त' आणि 'अवंतिवर्मा' ह्यांमधील फरक हातचुकीनें होत नाहीं. तो कोणी तरी जाणूनबुजून केला. नट नव्या राजाच्या दरबारीं उभा राहिला, आणि माप न मोडतां नांव बदलतां येत होतें.

आमच्या दोन तालुक्यांतील स्थळांकडे ह्या दृष्टीनें पाहावें. मुरबाड तालुक्यांतील वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून गेलें म्हणजे माथ्यावर सातवाहनांचें लेणें लागतें. त्यांतील ब्राह्मी लेखाच्या आरंभीं देवतांस नमन असून पुढें अश्वमेधादि यज्ञांची व दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. मरुत्ताच्या यादींतलाच हा यज्ञ. परंतु येथें नांव बदलतां येऊं नये म्हणून तें दगडांत कोरलें. मागच्या भिंतीला राजकुलाच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका व श्रीसातकर्णि, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, अशीं नांवें वर अजून आहेत. प्रतिमा गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

शहापुराजवळचा माहुली किल्ला ह्याच्या उलट कथा सांगतो. निजामशाही बुडत असतां शहाजीराजांनीं मूर्तिजा नांवाचें एक लहान मूल गादीवर बसवून कांहीं वर्षें राज्य चालविलें. सत्ता शहाजीची, नांव मुलाचें. १६३६ सालीं माहुलीस वेढा पडला, किल्ला सोडावा लागला आणि तें मूल मोगलांच्या स्वाधीन करावें लागलें. त्याबरोबर निजामशाही संपली. शहाजीजवळ फौज होती, अनुभव होता, मुलूख होता; परंतु नांव गेल्यावर त्याला विजापूरची चाकरी पतकरावी लागली. त्याच सालीं शाहजहानानें गोवळकोंड्याच्या कुत्बशहाकडून लिहून घेतलें कीं, खुत्ब्यांत बारा इमामांच्या जागीं चार खलीफांचीं नांवें घ्यावीं व इराणच्या शहाच्या जागीं बादशहाचें. शुक्रवारच्या प्रवचनांतील एका नांवासाठीं तहाचें कलम! मुसलमानी अमलांत खुत्बा व शिक्का हींच राजगीतें होत. मुलुखापेक्षां नांवाच्या जागेचें मोल कमी नव्हतें हें माहुली आणि गोवळकोंडें मिळून दाखवितात.

इंग्रजांचें राजगीत १७४५ सालीं लंडनच्या नाटकगृहांतून गाजूं लागलें. तेव्हांच्या राजाचें जॉर्ज हें एकाक्षरी नांव पहिल्या ओळींत सहज बसे. पुढें व्हिक्टोरिया राणी आली. तिचें नांव त्या मापांत बसेना, म्हणून नांवाच्या जागीं विशेषण राहिलें. मुद्राराक्षसाच्या नटाला जी सोय होती ती इंग्रज कवीला मिळाली नाहीं. १८८२ च्या सुमारास हें गीत हिंदी भाषांत आणण्याची खटपट लंडनांत झाली व मोक्षमुल्लरांनीं त्याचें संस्कृत भाषांतर केलें. अभिषेकाची भाषा परत अभिषेकाकडे आली, पण अभिषेक सातासमुद्रांपलीकडील राणीचा. १९५२ सालीं त्या गीतांत राजाची राणी झाली. ८ सप्टेंबर २०२२ रोजीं राणीचा पुन्हां राजा झाला. गीत तेंच, जागा तीच.

मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं पहाटें पोलिसांच्या गोळीबारांत भाई कोतवाल व हिराजी पाटील पडले. ते ज्या सत्तेशीं लढत होते तिच्या गीतांत राजा होता. ते ज्या घोषणेच्या काळांत वाढले त्या वंदे मातरम् मध्यें राजा नाहींच. तेथें वंदन देशाला आहे. हा फेरफार लहान नव्हे. ऐतरेयापासून खुत्ब्यापर्यंत जी जागा कधीं रिकामी राहिली नव्हती, तेथें प्रथमच पुरुष काढून भूमि बसविली गेली. पण नवीन वाद निघाला तोहि नांवाच्या जागेवरूनच. ती भूमि देवीरूपानें वर्णिली असल्यामुळें १९३७ सालीं काँग्रेसच्या कार्यकारिणीनें पहिलीं दोन कडवींच म्हणावीं असें ठरविलें.

रवींद्रनाथांच्या गीताविषयींचा वाद तर सर्वश्रुत आहे. तें २७ डिसेंबर १९११ रोजीं कलकत्त्याच्या काँग्रेसांत गाइलें गेलें. दिल्लीचा दरबार त्याच महिन्याच्या १२ तारखेस झाला होता. त्यामुळें त्यांतील अधिनायक म्हणजे पंचम जॉर्ज अशी समजूत पसरली. कवीनें १९३७ सालीं पत्र लिहून ती झिडकारली. आमच्या मतें वाद उत्पन्न होण्याचें कारण वृत्तपत्रांइतकेंच व्याकरणहि आहे. जयशब्द आणि संबोधन ही राजस्तुतीची ठराविक घडण आहे. त्या घडणींत ऐकणाऱ्याचे कान आपोआप राजाचें नांव शोधतात. कवीनें ती घडण ठेवली आणि नांव ठेवलें नाहीं. प्रांतांचीं नांवें मात्र मोजून घातलीं, त्यांत मराठ्यांचेंहि. राजसूयाच्या घोषणेंत लोकांचें नांव घालीत, राजा समोर उभा असे. येथें लोकांचीं नांवें आहेत, समोर कोणी उभा नाहीं.

१३ डिसेंबर १९४६ रोजीं घटनासमितींत पंडित नेहरूंनीं ध्येयाचा ठराव मांडला, तेव्हां प्रजासत्ताक शब्दाबरोबर संस्थानिकांचा प्रश्न आलाच. एखाद्या संस्थानच्या प्रजेला राजा हवा असेल तर तो ठेवण्यास ठरावाची आडकाठी नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. मुंबईचे बॅरिस्टर जयकर ह्यांनीं, संस्थानें व मुस्लिम लीग हजर नसतां ठराव करूं नये, म्हणून तहकुबीची सूचना आणली. हा आम्हां ठाणेंकरांस पुस्तकी प्रश्न नव्हता. शहापूरच्या उत्तरेस जव्हारचें मुकण्यांचें कोळी राजकुल होतें, नऊ तोफांच्या सलामीचें. दोन वर्षांच्या आंत त्या प्रश्नाचा निकाल घटनेच्या कलमाविना लागला. १९४८ सालीं जव्हार मुंबई प्रांतांत विलीन होऊन ठाणें जिल्ह्यास जोडलें गेलें.

राहिलें गीत. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनीं वंदे मातरम् बँडवर वाजवितां येतें हें दाखविण्यासाठीं दिल्लीपर्यंत खटपट केली. अखेर २४ जानेवारी १९५० रोजीं डॉ. राजेंद्रप्रसादांनीं मतदान न घेतां निवेदन केलें कीं, जनगणमन हें राष्ट्रगीत व वंदे मातरम् ला समान मान. दोनच दिवसांनीं घटना अमलांत आली, आणि तिच्या साठाव्या कलमानें राष्ट्रपतीला शपथ घालून दिली: घटनेचें रक्षण व जनतेची सेवा. पुष्पांजलींत गाळलेला शपथेचा भाग येथें परत आला, पण ती आतां पुरोहितापाशीं घ्यावयाची नाहीं. 'जनता' हा मैत्रायणीचा शब्द घोषणेंतून निघून शपथेंत येऊन बसला.

तेव्हां मंत्रपुष्पांजलि हें राष्ट्रगीत काय, ह्याचें उत्तर आमच्यापुरतें असें: ती अभिषेकविधींतील उतारे जोडून केलेली देवतार्चना आहे; गणराज्याचा पुरावा म्हणून ती चालणार नाहीं आणि निरंकुश राजसत्तेचा म्हणूनहि चालणार नाहीं.

ह्या निमित्तानें संग्राहकांस एक विनंति आहे. मुरबाड-शहापूरकडील जुन्या घरांतून पूजेचीं व आरत्यांचीं हस्तलिखित बाडें अजून निघतात, आणि त्यांत 'नवीन कांहीं नाहीं' म्हणून तीं बाजूस पडतात. अशा बाडांत पुष्पांजलि असल्यास तिचे तुकडे किती, मरुत्ताचा श्लोक आहे कीं नाहीं, 'एकराळ्' लिहिलें आहे कीं 'एकराड्', आणि 'इति'नंतर मूळ वाक्याचा एखादा शब्द उरला आहे काय, एवढें टिपून ठेवावें. पुष्पिकेंत शकाबरोबर 'अमुकाचे राज्यीं' असा उल्लेख असेल तर तो जशाचा तसा उतरावा, आणि नांव खोडून दुसरें लिहिलेलें आढळल्यास दोन्ही नांवें द्यावीं.